काडीमास्तर

कामठीच्या छावणीत यमाजी निपाणे कॉर्नेट फुंकायचा.
खालच्या ओठावर कायमचा वळ,
जेवताना तिखट झोंबायचं.

ज्या साली परदेशी गाणाऱ्यांची कंपनी
साहेबलोकांसाठी नागपुरात सात रात्री थांबली
आणि त्यांच्या मास्तराला पहिल्याच दिवशी हगवण लागली,
त्या साली कर्नल म्हणाला, निपाणे, तू उभा राहा.

हातात धरायला काही नव्हतं.
इतवारीतून त्याच्या बापाच्या मागावरची एक काडी
मीच पळत आणली, खळीचा वास असलेली.
मी नऊ वर्षांचा. कंदिलाच्या काचा पुसायचो.

जुम्मा तलावाच्या काठी कनाती, बावीस वाजवणारे,
त्यातले सहा प्यालेले.
यमाजीनं लोकांकडे पाठ केली.
कनातीबाहेर आमच्या आळीची माणसं फटीला डोळे लावून:
"काहून गा, तोंड दाखवाची लाज वाटते का याले?"
"वाजवत तं काहीच नाही!"
"काडी करते फक्त. पगार डबल."

चौथ्या अंकात बाई मरायला लागली.
फार वेळ मरत होती.
भाषा कोणालाच कळत नव्हती,
तरी बाहेर सगुणाकाकूनं पदर तोंडात कोंबला.
मग काडी वर गेली
आणि खाली आलीच नाही.
धोटा एका हातातून सुटलेला,
दुसऱ्या हाताला अजून न लागलेला,
तेवढा वेळ.
बावीस माणसं, शिवाय ते सहाही, श्वास धरून.
एक कंदील फडफडला. माझाच. वात कापायची राहिली होती.

आठव्या दिवशी मास्तर उठून बसला.
यमाजीला अकरा रुपये मिळाले आणि एक काळा कोट,
बाह्या बोटांच्या खाली लोंबणाऱ्या.

एवढीच कारकीर्द.

पुढं ओठ सुजला, कॉर्नेट सुटलं,
गिरणी उघडली तशी तो गिरणीत लागला.
शेकडो माग, एकाच ठेक्यात, भोंग्यापासून भोंग्यापर्यंत.
दुपारी भाकर सोडताना म्हणायचा,
"इथं कोणी श्वासच घेत नाही बे."
काडी परत बापाच्या मागावर. मोडली तेव्हा
चुलीत गेली असणार, मी विचारलं नाही.

परवा शाळेतला एक पोट्टा वही घेऊन आला.
आजोबा, तुम्ही पाहिलं म्हणे त्याले.
दिसायले कसा होता?

मी सांगितलं:
सदरा दंडापाशी उसवलेला,
मानेवर तीळ,
पाठीवर घाम आधी डाव्या बाजूनं उतरायचा.

पुढून?
पुढून मी कधी पाहिलंच नाही, बाबू.
पाहिलं असंल. आठवत नाही.