आधी कोण बसतं

पहाटे साडेचार. पार्कडेलच्या उतारावर
नाशपातीची फुलं अजून अंधाराच्याच रंगाची.
पाणी मी कालच भरून उघडं ठेवलं होतं,
क्लोरीन उडून जावं म्हणून.
आता गारठलेली पुडी फोडते,
चमचाभर फिकट भुकटी,
आणि तिच्यात इतके जीव
की शून्यं लिहिता लिहिता ओळ संपते.

लॉयड हिरात्सुका ट्रॅक्टरला टेकून विचारतो,
"म्हणजे जंतूंवर उपाय म्हणून
तू माझ्या बागेत आणखी जंतू सोडणार?"
हो, म्हणते मी.
तो हसत नाही. टोपी जरा मागे सारतो.
त्याच्या वडिलांनी गंधक मारलं, तांबं मारलं,
त्याने स्ट्रेप्टोमायसिन मारलं वीस वर्षं,
आणि मग एका वसंतात
ते औषध जंतूंना पाण्यासारखं वाटू लागलं.

मी समजावू लागते. फुलाच्या मध्यावर
एक ओलसर टोक असतं, मोहरीहून लहान.
शाळेत त्याला कुक्षी म्हणायचो, आणि मला वाटायचं
कुशीशी काहीतरी नातं असणार.
ब्लाइट तिथे येऊन बसतो, वाढतो,
दव पडलं की घसरून देठात उतरतो.
आपण त्याच्याआधी कुणाला तरी बसवायचं,
एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं.

लॉयडला एसटी माहीत नाही.
इथल्या बसमध्ये तर मी एकटीच असते.

मग विरजणाचं सांगते. कोमट दूध,
बोटभर दही, आणि रात्रभर कुणी हलवायचं नाही.
आता त्याच्या भुवया उठतात.
त्याच्या आजीचं कोंड्याचं मडकं होतं, मुळे मुरवायचं,
रोज ती हात घालून ढवळायची,
दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे त्याला.
"चव बिघडायची," तो म्हणतो, आणि नळी उचलतो.

उरलेलं काम मधमाश्यांचं.
त्या पायांवरून आपले पाहुणे नेतात,
आणि रोगही नेतात, तितक्याच मनापासून.
त्यांना काय, दोन्ही ओझी सारखीच.

एप्रिल गेला. ऊन आलं, पाऊस आला,
ब्लाइटला हवं ते सगळं आलं.
अकरा ओळींत एकही फांदी काळी नाही.
मी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली,
"एवढं शिकून शेवटी दहीच लावतेस की!"

जूनमध्ये लॉयडचा निरोप: ये.
पाटाकडेचं ते एकटं झाड,
त्याच्या वडिलांनी छावणीतून सुटून आल्यावर लावलेलं,
गावातला दुकानदार खिळेसुद्धा विकेना, त्या वर्षी.
त्याला मेच्या अखेरीस एक उशिराचा घोस आला होता,
तोवर आम्ही फवारे धुऊन ठेवले होते.
शेंडा छत्रीच्या मुठीसारखा वाकलेला,
पानं करपून तशीच लटकलेली,
सालीवर मधाच्या रंगाचा एक थेंब.
थेंब सुंदर होता. मी ते बोलले नाही.

करवत स्पिरिटमध्ये बुडवायची, कापायचं, पुन्हा बुडवायची.
काळ्याच्या खाली हातभर.
"अजून खाली," लॉयड म्हणाला.
अजून खाली. अर्धं झाड गेलं.
फांद्या जाळताना आम्ही वाऱ्याच्या बाजूला उभे होतो
आणि त्याने मला विचारलं,
उशिराची फुलं आधीच खुडता आली असती का.
आली असती.
अहवालात मी वाचलेल्या ओळींची टक्केवारी लिहिली.
त्या घोसासाठी रकाना नव्हता.

डिसेंबरात पुढच्या वर्षीची पुडी द्यायला गेले.
त्याने फ्रीझर उघडला: साल्मन, वाटाणे,
गेल्या उन्हाळ्यातल्या बेरी.
त्यांच्यामध्ये जागा करून पुडी ठेवली,
वर जाड पेननं लिहिलं, नातवंडांसाठी,
"खाऊ नये. जिवंत आहे."
मग थोडं थांबून
खाली तारीख घातली,
आणि शेजारी: पाटाकडचं झाड, दोनदा.