बंदर : कोल्हापूर

नावेच्या पाठीवर नाव लिहितात, खाली बंदर.
सुनेत्रानं रंगवून घेतलं : 'पंचगंगा',
आणि त्याखाली, देवनागरीत, 'कोल्हापूर'.
लंगकावीचा अधिकारी म्हणे बराच वेळ
बोट फिरवत राहिला किनाऱ्यावरून, नकाशात.
आमच्यापासून समुद्र घाट उतरून शंभरभर किलोमीटर,
ते त्याला कोण सांगणार.

यंदा मे महिन्यात पंधरा दिवस आली.
सोबत नेताजी, दोन पोरं,
आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं
सुकाणूचं झिजलेलं बुश.
"तिकडं मिळतंय की, पण तुझ्या हातचं पाहिजे."
खोटं. तिकडं महाग मिळतं.
तरी बरं वाटलं.

नऊ वर्षं झाली पाण्यावर.
बेटाबेटांवर मासळीचा भाव करते मोडक्यातोडक्या मलयमध्ये,
घरात आली की 'मी करतो', 'मी खातो',
आमच्याकडच्या बायका बोलतात तसं.
एवढं मीठ लागून ते काही गंजलं नाही.

थोरली पृथा, अकराची. पहिल्या रात्री झोप येईना.
"मामा, तुमचं घर हलतच नाही."
तक्रार केल्यासारखं.
मग दोन्ही अंगांना उशा खोचून
निजली सपाट गादीवर,
न येणाऱ्या लाटेची तयारी करून.
धाकटा मल्हार टेबलावर पेला ठेवतो
आणि हात काढत नाही थोडा वेळ.
आंघोळीला एक तांब्या घेतला,
त्यातलं उरलेलं पाणी मामीला परत आणून दिलं.
बायको नुसती बघत राहिली तांब्याकडं,
आणि वरची टाकी वाहत होती
ती मोटर बंद करायला खाली पळाली.

संध्याकाळी रंकाळ्यावर नेलं. भेळ झाली.
कट्ट्यावर सगळे पाण्याकडं पाठ करून,
पृथा एकटी पाण्याकडं तोंड करून.
"खोली किती? तळाला चिखल का खडक?"
जन्म गेला ह्या तळ्याला वळसे घालण्यात,
मला सांगता येईना.
"चिखल असला तर नांगर चांगला धरतो," तिनंच समजावलं.
नांगर म्हटल्यावर मला आजोबांचा आठवला,
बावड्याच्या काळ्या रानातला.
तो चालायचा.
हा थांबवतो.

सोमवारी सुट्टी. उद्यमनगरातली शटरं खाली,
माझंच तेवढं वर.
गनमेटलचा तुकडा चकात धरला.
नेताजी बाजूला उभा : फार घट्ट नको, सुकाणू अडकेल,
फार ढिलं नको, रात्रभर खडखडतं.
दहा थाऊ ठेवा.
मी काही बोललो नाही.
बहीण समुद्रावर धाडलेल्या माणसाला
घट्ट किती, ढिलं किती, हे काय शिकवायचं.
सोनेरी कीस उडत होता. मल्हारनं दोन्ही खिसे भरले.
एकतीस वर्षं ह्याच लेथपुढं.
चक फिरतो. मी नाही.
फरशीला दोन पावलांपुरता खळगा पडलाय,
त्यात पाय घालून पाहिले त्यानं,
मोठे झाले.
"मामा, तू इथं नांगर टाकलायस?"

सीबीएसवर रात्रीची पुण्याची गाडी.
खिडकीतून हात काढून सुनेत्रा म्हणाली,
"येतो, दादा."
येते नाही. जातो नाही.
गाडी वळेपर्यंत मी त्या शब्दाचं माप घेत राहिलो.

बुशं दोन केली होती.
एक तिच्या टॉवेलात गेलं.
दुसरं इथं, व्हर्नियरच्या पेटीत. तिला माहीत नाही.
नेताजीच्या हिशेबानं पहिलं आठ वर्षं टिकेल.
दर सोमवारी मी दुसऱ्याचं
जुनं तेल पुसतो,
नवं लावतो.