पिंप

मारादीच्या बाजारात व्यापारी तळव्यावर चवळी पसरतो,
बोलत नाही, भोकं मोजतो.
शंभरात चाळीस निघाली
की भाव त्याच्या तोंडून नाही, भुवईवरून कळतो.

लग्नाच्या पहिल्या वर्षी
थोरली सवत तसल्ला माझ्या पोत्याला कान लावून बसली,
पोटुशीच्या पोटाला लावावा तसा.
"हिंदे, आत कुणीतरी रेती चाळतंय."
मी हसले. म्हटलं, जळतेय.

महिन्याभरानं तोंड सोडलं
तर हात कोपरापर्यंत ऊबेत गेला,
ताप चढलेलं धान्य,
आणि भुंगे मनगटावरून वर चालू लागले.
तिची चवळी राखेत होती. एक थर ती, एक थर राख.
"सांगितलं का नाहीस?"
"सांगितलं की."

हा किडा मोठेपणी काही खात नाही, हे मागाहून कळलं.
खायचं ते सगळं बाळपणी,
दाण्याच्या आत, अंधारात.
मग सालीपर्यंत येतो, गोल रेघ कोरतो,
डोक्यानं झाकण ढकलतो.
बाहेर आठ-दहा दिवस.

यंदा मी तेलाचं पिंप आणलं.
साबणानं तीनदा धुतलं, वास राहिलाच.
झाकणाला सायकलची जुनी ट्यूब, वर मेण.
तसल्ला म्हणाली, "श्वास कोंडून कुणी टिकतं का?"
तरी रोज संध्याकाळी पत्र्याला कान.
आधी रेती.
मग थांबत-थांबत रेती.
मग एके दिवशी ती तशीच बसून राहिली,
भाकरी करपली तरी.

बाजरीला अजून कणीस नव्हतं तेव्हा उघडलं.
सात महिने. दाणा सपक नाही, पोकळ नाही.
तिनं मात्र नेमका एक वेचून उन्हात धरला:
सालीवर फिकट गोल खिडकी,
आतून खरवडलेली, न उघडलेली.
नखानं उचकली.
आत पंख मिटून, तोंड खिडकीकडे.

"दाराशी आला होता," ती म्हणाली.

व्यापाऱ्यानं दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा.
पैशांतून मी मीठ, वही, आणि तिला चपला घेतल्या.
चपला पायात न घालता ती म्हणाली,
"पुढल्या वर्षी माझी पण घाल पिंपात.
पण अर्धीच.
अर्धी राहू दे राखेत.
रात्री काहीतरी ऐकू यायला हवं."