भिंतीला पाठ लावण्याची वेळ

नवतपाचा तिसरा दिवस.
सायकलच्या हँडलला बांधलेलं यंत्र
दर दहा सेकंदांनी एक आकडा गिळतंय.
सोनेगावच्या वेधशाळेत पंचेचाळीस पूर्णांक दोन.
तिथे गवत आहे, पांढरी पेटी आहे,
पेटीला झरोके आहेत.
गोळीबार चौकाच्या मागे पेटी नाही.
पत्रे आहेत.

सेमिनरी हिल्सच्या उतारावर एकेचाळीस.
सिव्हिल लाइन्सला चिंचेखाली बेचाळीस,
आणि एक शिपाई, खुर्चीसकट झोपलेला.
नव्या सिमेंट रस्त्यावर, वीतभर उंचीवर,
एकावन्न. दोनदा पाहिलं.
डांबरासारखा टायर चिकटत नाही इथे,
सावलीही चिकटत नाही.

गल्लीच्या तोंडाशी पंचफुलाबाई हेडाऊ
कुलरच्या ताट्यांत वुडवूल भरत होत्या.
"काय मोजून राहिला, बाबू?"
गरमी, मी म्हणालो.
"मोजून कमी होते काय?"

उत्तर मला येत होतं.
अहवालाच्या पान चारवर, ठळक अक्षरांत होतं:
शहरी उष्णतेचे विषम वितरण व त्यावरील उपाययोजना.
गल्लीत उभं राहून
ते म्हणवलं नाही.

"दुपारची गरमी कोनीबी सांगन," त्या म्हणाल्या.
"दुपारी मानूस पयते झाडाखाली, पयते विहारात.
राती कुठं पयन?
राती ये."

रात्री साडेअकराला गेलो.
पंखा तीच हवा
या भिंतीकडून त्या भिंतीकडे ढकलत होता.
बाईंनी हात उलटा करून भिंतीला टेकवला,
ताप पाहतात तसा.
"आत्ता नाही."
बारा वाजता पुन्हा. "नाही."
सव्वाला काही बोलल्याच नाहीत,
नुसता हात मागे घेतला.
दोन वाजून चाळीस मिनिटांनी म्हणाल्या,
"निजव आता."
सुनेनं तान्ह्याला भिंतीकडे सरकवलं.
माझ्या यंत्रात तेव्हा
चौतीस पूर्णांक सहा.

दुसऱ्या दिवशी तक्त्यात रकाना वाढवला.
कमाल, किमान, आर्द्रता, वारा,
आणि शेवटी:
भिंतीला पाठ लावण्याची वेळ.
साहेबांनी चष्मा वर केला. याचं एकक काय?
तास, म्हटलं.
कशाचे तास?
झोपेचे.

मग चाळीस घरं, चाळीस उलटे हात.
धरमपेठ साडेनऊ.
तांडापेठ एक.
नकाशावर रंग भरले तेव्हा दिसलं,
या गावात
रात्र सगळीकडे एकाच वेळी होत नाही.

अकरा पत्र्यांना चुना लावला, दोन हात.
वरून पाहणाऱ्याला वाटावं
वस्तीवर बगळे उतरलेत.
पंचफुलाबाईंच्या घरी दोन चाळीसचा
एक दहा झाला.
"दीड तास!" मी कागद नाचवत म्हणालो.
त्यांनी ताटीला तार आवळली.
"अन् बाकीचा?"

बाकीचा नाल्याकाठच्या कडुनिंबात आहे,
हे मला यंत्रानंच सांगितलंय.
त्याच्या खोडावर रस्ता रुंदीकरणाची लाल फुली,
आणि त्याच्या सावलीतली चार घरं
दहा वाजता निजतात.
बैठकीत हे मांडलं. नोंद घेण्यात आली.
परत येताना खिशात खडू सापडला,
म्हणून फुलीच्या शेजारी लिहिलं,
मोठ्या अक्षरांत:
चार घरं. रात्री दहा.

फुली अजून आहे.
आकडाही आहे, थोडा पुसट.
ऑइल पेंटनं लिहायला हवा होता.