एक मिनिट

अठरा दिवस ते आमच्या बंदरावर होते,
आणि अठरा दिवस काझीशेठचा बर्फाचा कारखाना
त्यांच्या शिट्टीवर बंद-चालू होत होता.
तासाचे दीड हजार. वितळलेल्या लाद्यांचे वेगळे.
कॉम्प्रेसरचा खटका माझ्या हाताखाली,
म्हणून सिनेमात मीही काम केलं म्हणायचं.

त्यांना गाव हवं होतं, गावाची घरघर नको होती.
निळी ताडपत्री नको, मोबाइलचा टॉवर नको,
जाळं हवं, पण नायलॉनचं नको.
सुताचं कोणाच्या माळ्यावर आहे का, विचारत हिंडले.
मिळालं शेवटी, उंदरांनी खाल्लेलं.
फारच सुंदर, म्हणाले.

हिरोईनीला बांगडा धरता येईना.
येसूबाय म्हणाली, अगो, तो काय मोबाइल हा?
ऐन भरतीत होडी लोटली
आणि हिरो म्हणाला, ओहोटी लागली, निघायला हवं.
आम्ही गप्प. जेवण चांगलं देत होते.

शेवटच्या दिवशी तपनदा,
त्यांचा आवाज धरणारा माणूस, कानांवर डबे लावून म्हणाला,
आता कोणी बोलायचं नाही. एक मिनिट.
काही चाललेलं नसताना
ही जागा कशी वाजते, ते मला हवंय.

मी खटका पाडून धावत आलो.
कोणी वारल्यावर शाळेत उभे राहतात
तसे उभे राहिलो सगळे, हसू दाबत.
मग यायला लागलं हळूहळू—
होडीच्या पोटाला पाणी चाटतं ते,
दोरखंडाची कुरकुर,
सुकत घातलेल्या जवळ्यात कावळ्याची पावलं,
लांब कुठेतरी नळाखाली भरून वाहणारी कळशी.
तीस वर्षं त्या घरघरीत काढली मी.
आमच्याकडे हे सगळं आहे, मला ठाऊक नव्हतं.

आणि चाळिसाव्या सेकंदाला
बुधाजी कोयंडे खोकला.

तपनदाने डोळे मिटून घेतले.
परत घ्यायला वेळ नव्हता, गाड्या भरल्या होत्या.
बुधाजी ओशाळला. माफ करा, बिडयेचो गुण.

आषाढात गेला तो.
दर्यात नाही. ओरोसच्या सरकारी दवाखान्यात,
पंख्याखाली.

दिवाळीनंतर त्यांनी सिनेमा आणला.
लिलावाच्या शेडमध्ये चादर बांधली, बसायला माशांचे क्रेट.
पहिला अर्धा तास कोणी गोष्ट बघितलीच नाही,
ती माझी होडी, तो आमचो कुत्रो, ती बघ आत्या!
टॉवर नव्हता. त्याच्या जागी आकाश भरलं होतं.
इतकं निवांत, इतकं धुतलेलं गाव
की मोंडकर म्हणाला, थंय ऱ्हवाक जावया रे.

मग तो प्रसंग.
हिरोईन धक्क्याच्या पायरीवर एकटी. बोलणं नाही.
पाणी, दोरखंड, कावळा.
आणि मागे कुठेतरी, चित्राच्या बाहेर,
खोकला.

येसूबाय क्रेटवरून उठली.
हो तेंचो.

पडद्यावर कोणी नव्हतं.
ती चादरीच्या मागे बघायला गेली.
मागे बंदर होतं. ट्रॉलर, बर्फाचे ट्रक,
निळी ताडपत्री, अंधारात टॉवरचा लाल दिवा.

परत लाय, ती म्हणाली.
पोराने मागे घेतलं.
तीन वेळा हिरोईन एकटी झाली.
तीन वेळा बुधाजी खोकला,
आणि शेडमधली सगळी माणसं
त्या चाळिसाव्या सेकंदाची वाट बघत
श्वास धरून बसली.
चौथ्यांदा पोर बटणाकडे वळलं
तेव्हा येसूबायने हात वर केला.
पुरे. तेंका उगाच खोकवू नको.

शेवटी नावं सरकत वर गेली.
काझीशेठचं होतं.

आता पहाटे चारला, खटका ओढण्याआधी,
मी जरा थांबतो. मोजतो.
बाहेर बोटी लागलेल्या असतात, मासळी उन्हाची वाट बघत नाही,
काझीशेठ खालून ओरडतो.
वीस, बावीस. फार तर तीस.
त्याच्यापुढे अजून गेलो नाही.