साडेसतरा आटे

पहाटे तीन चाळीसला घाडीगावकरांचा आवाज यायचा,
ग्रुपवर, बावीस सेकंद, कधी सव्वा मिनिट:
"टेंभीपाड्याची चावी. साडेसतरा आटे.
अठरावा द्यायचा नाय. दिलास तर
वरच्या चाळीत नळ नुसता फुरफुरतो."
मग खोकला. मग रिक्षा. मग कुठलंसं कुत्रं.

ट्रेनिंग मला आधीच मिळालं होतं, तीन दिवस,
एसी हॉल, एकशे बारा स्लाइड, गार समोसा,
सर्टिफिकेटवर आडनाव चुकलेलं.
व्हॉल्व्ह म्हणजे काय, ते तिथं कळलं.
भांडुपची चावी कुठल्या अंगाला अडते
ते नाही.

ते कळलं असं:
लोखंडी सळई रस्त्यावर टेकवायची, वरचं टोक कानाला,
मग कानाच्या जागी फोन धरून रेकॉर्ड करायचं.
तडवी पाठवायचा, खाली प्रश्न: काका, हे काय?
काका लिहीत नसत. बोलत.
"सुर्र्र म्हणजे पाणी चालतंय.
ही स्स्स् आहे. पळतंय.
आणि मधे टकटक ऐकलंस? तो तुझा अंगठा."

आम्ही पाचजण. त्यात कुणी कुणाचा साहेब नव्हता.
टपरीवर एक इअरफोन दोन कानांत वाटून
मी नि रेश्मा वाघचौरे गळत्या ऐकत बसायचो.
चहावाल्याला वाटायचं, गाणी.

मग वरती कुणाला तरी हे आवडलं.
ॲप आलं. आमचे दोनशे चौदा आवाज चढवले,
काकांच्या नावापुढे 'तज्ज्ञ' लिहिलं,
ते दोन दिवस त्या शब्दाला हसत होते.
आणि कंपनीच्या पोरांनी (चांगली पोरं होती, मेहनती)
सगळं साफ करून दिलं.
कुत्रं काढलं, रिक्षा काढली,
खोकला काढला,
मागची खरखर काढली.

मी हेडफोन लावले. एकोणीस नंबर, शाळेमागची गळती.
स्वच्छ.
गळतीच नव्हती.
ती खरखरच तर गळती होती.

काकांना फोन लावला. ते तेव्हा देवगडला, रिटायर,
कलमांना पाणी घालत.
सगळं ऐकून घेतलं. म्हणाले,
"म्हणजे दुरुस्त झाली म्हणायची."
इतके हसले की खोकल्याची उबळ आली.
रेकॉर्ड करायचं मला सुचलं नाही.

आज ग्रुपवर नवा मुलगा, अल्ताफ नदाफ.
विचारतो, मॅडम, टेंभीपाडा किती?
साडेसतरा, असं लिहायला घेतलं. बोटं थांबली.
गेल्या महिन्यात तिथं नवी लाइन पडलीय,
आता सोळा, कधी सव्वासोळा,
जिथं चावी हाताला जड लागते तिथं.
ते लिहायचं कसं?
मी माइक दाबून धरला. मागे कुत्रं भुंकत होतं.
"अल्ताफ," म्हटलं, "आकडा नंतर सांगते.
आधी हात सैल सोड."