पाठ फिरवून

रिटायर झाल्यावर पहिलं काम केलं
ते दिग्रसच्या नर्सरीत जाऊन गुलाब पाहिले.
पोरगा म्हणाला, हा घ्या मॅडम, फूल आठ दिवस टिकते.
लाल, ताठ, कॅलेंडरवरच्यासारखं.
मी नाक खुपसलं.
नळाच्या पाण्याचा वास आला.
"वासाचं कोणी इचारत नाई आता," तो म्हणाला,
आणि ते खरंच होतं, म्हणून भांडले नाही.

एकतीस वर्षं सात गावं, आधी पायी, मग लुनावर.
घरं मला नंबरांनी कधी कळली नाहीत.
मेश्रामांचं म्हणजे कुंपणावर लोळणारा पांढरा झुपका.
सकीनाबीचं म्हणजे हापशीजवळचा गुलाबी,
कमरेएवढा उंच, तेवढाच रुंद,
बकरी ज्याला एकदाच तोंड लावते.
एका पहाटे तिची सून अडली होती.
डेटॉल, घाम, कंदिलाची काजळी,
आणि खिडकीतून तो वास आत आला.
आम्ही तिघींनी एकदम श्वास घेतला.
रजिस्टरात लिहिलं: मुलगी, सव्वापाच, अडीच किलो.
गुलाबाचा रकाना नव्हता.

तर तिच्याकडे गेले, म्हटलं, काडी दे.
ती तूर निवडत होती.
"मांगून नेलेला गुलाब लागत नाई, शिस्टर.
चोरून न्या लागते."
मग उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.
"घे. मी पाठ फिरोली."
आणि पाठमोरीच सांगत राहिली:
कवळी नको, गेल्या सालची घे, पेन्सलीएवढी.
तिरपी काप.
चार डोळे ठेव, दोन मातीत, दोन वर.

काळी माती पाणी धरून बसते, मुळं कुजवते;
म्हणून मुरूम घातला, राख, जुनं शेणखत.
वैशाखात बारदान्याची सावली,
बुडाला भोक पाडलेलं मडकं, त्यात चिंधी.
तीन काड्यांतली एक वाळली,
एक वाळवीनं नेली.
तिसरी वर्षभर नुसती उभी.
येणारे-जाणारे विचारायचे,
"शिस्टर, ह्या खराट्याले पानी कायले देता?"

दुसऱ्या फाल्गुनात अकरा फुलं आली.
पाकळ्या चुरगळलेल्या, कोणी त्यांच्यावर झोपून उठल्यासारख्या.
बारा वाजेस्तोवर गळूनही जातात,
फुलदाणीत ठेवायची सोय नाही.
पण ऊन भिंतीवर चढेपर्यंत
दूधवाला सायकल उभी करून
उगीचच सुट्टे पैसे मोजत राहतो.

यंदा पौषात एका सकाळी पाहिलं,
मागच्या अंगाच्या दोन फांद्या नाहीत.
काप तिरपा, डोळ्याच्या वर, एका हातात केलेला.
कोणाचं काम, ते शोधलं नाही.
जखमेवर शेणमाती लिंपली
आणि सुई काढल्यावर दाबून धरतात तसं
बोट थोडा वेळ तिथंच ठेवलं.